कंडक्टरचं टेबल

माझ्या सासूबाईंची उभी हयात खरोखरच उभ्याने गेली. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. उजव्या खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याचा वळ कायमचा उमटलेला, आणि आवाज असा की स्वयंपाकघरातून मला हाक मारली की शेजारच्या घरातून कुणीतरी ‘ओ’ द्यायचं. निवृत्त झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता जरा बसतील. बसल्याही, पण विद्यापीठाच्या बाकावर.

जेवताना त्यांनी सांगून टाकलं, “मी बी.ए.ला प्रवेश घेतलाय. इतिहास. रोज वर्गात जायचं. घरी बसून नुसती परीक्षा देण्यातलं नाही.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “आई, या वयात? शेजारी बसणारी मुलं तुझ्या नातवंडांच्या वयाची असतील.”

“मग बरंच की. नातवंडं तुम्ही दिली नाहीत, मी माझी सोय बघितली.”

टोला मलाही होता, पण इतका नेमका बसला की मलाच हसू फुटलं. नवरा मात्र हसला नाही. “लोक काय म्हणतील?” त्याने विचारलं.

“लोकांना जन्मभर मीच ‘पुढे सरका’ म्हणत आले. आताही तेच म्हणेन.”

या हट्टाला कारण होतं. सासूबाईंच्या माहेरी एकालाच पुढे शिकवणं जमणार होतं आणि तो एक म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, हे कुणी न बोलताच ठरलं होतं. भावाने दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि शिक्षणाला रामराम ठोकला. सासूबाईंनी नोकरी सांभाळून बारावी केली, पण पुढे संसार, माझ्या सासऱ्यांचं लांबलेलं दुखणं, मुलाचं शिक्षण. यात त्यांची पाळी येता येता केस पिकले. त्या याबद्दल रडगाणं गात नसत. फक्त बस विद्यापीठाच्या गेटावरून गेली की त्या दिवशी घरी आल्यावर जरा कमी बोलायच्या.

पहिल्या दिवशी गेटवरच्या रखवालदाराने त्यांना अडवलं. “पालकांनी बाहेर थांबायचं.”

“पालक घरी झोपलाय,” सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

वर्गात शिरल्या तर सगळी मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं, प्राध्यापक बाई आल्या. सासूबाई मधल्या बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा मुलं हसली आणि बसली. त्यांच्या बाकावरच्या दोघी मात्र हळूच उठून मागे गेल्या. पुढेही रोज तेच. कुणी उद्धट बोललं नाही, कुणी चेष्टा केली नाही. पण त्या जिथे बसत तिथे आजूबाजूची जागा रिकामी होई. मधल्या सुट्टीत त्या पाण्याच्या टाकीमागच्या ओट्यावर एकट्याच डबा खात.

“तोंडाला कुलूप घालून राहायची सवय नाही गं मला,” एकदा भाजी निवडताना त्या मला म्हणाल्या. “बस कितीही भरलेली असो, माणूस माणसाला चिकटून तरी उभा असतो. इथे एवढी मोकळी जागा, की अंगावर येते.”

मी म्हणाले, “सोडून द्या मग, आई. कोण विचारणार आहे?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

पुढे एकदा त्या घरी आल्या त्या तावातावानेच. चपलासुद्धा काढल्या नाहीत. टाकीमागे त्यांच्यासारखाच एक मुलगा रोज येऊन उभा राहायचा. वर्गातलाच, ताडमाड उंच, फोन कानाला लावून सतत हसत-बोलत असलेला. सासूबाईंना वाटे, याला बरे इतके मित्र. त्या दिवशी तो बोलता बोलता वळला, फोन कानापासून ढळला आणि त्याचा पडदा त्यांना दिसला. काळाकुट्ट. पलीकडे कुणी नव्हतंच.

“तो कुणाशी बोलत नव्हता,” सासूबाई म्हणाल्या. “एकटा दिसू नये म्हणून नाटक करत होता. रोज. एवढा घोडा झालेला पोरगा, आणि लाज कशाची, तर आपल्याला कुणी नाही याची! मी ओट्यावर बसून स्वतःची कीव करत होते आणि माझ्यापासून हाताच्या अंतरावर तो हे करत होता. छे! हे चालायचं नाही.”

“म्हणजे काय करणार?”

“उद्यापासून मी टाकीमागे बसणार नाही. तोही नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या सरळ कँटीनमध्ये गेल्या. खिडकीपाशी दोन टेबलं होती, ती फरफटत एकमेकांना जोडली. मग दारात उभ्या राहून त्या उंच मुलाला पकडलं आणि घंटी ओढल्यासारखा आवाज लावला, “खिडकीजवळ जागा आहे! कोण येतंय?”

सगळं कँटीन खो खो हसलं. मुलाचे कान लाल झाले. पण तो आला. त्याने नंतर मला सांगितलं, “नाही म्हणायचं धैर्यच झालं नाही. तिकीट न काढता चढल्यासारखं वाटत होतं.” त्याचं नाव खांब पडलं ते त्याच टेबलावर, आणि त्यानेच सासूबाईंचं नाव कंडक्टर पाडलं. आधी मुलं मावशी म्हणायला बघत होती. सासूबाईंनी ते मोडून काढलं. “मी कुणाची मावशी नाही. तुमच्याच वर्गात आहे, तुमच्याइतकीच नापास होऊ शकते.”

हळूहळू टेबल भरू लागलं. दोनाची तीन टेबलं झाली. सासूबाई घरी येऊन कोण कसा हसतो, कोण दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो, याचे किस्से सांगत आणि नवरा वर्तमानपत्राआडून कान देऊन ऐके.

पण त्या कंडक्टर होत्या, आणि कंडक्टरचा हात जरा जड असतो. वर्गात एक मुलगी होती. डोक्यावर लोकरीची टोपी, ती उन्हातही काढायची नाही. भिंतीकडे तोंड करून जेवायची. सासूबाईंनी एक दिवस तिचं ताट उचललं, स्वतःच्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, “चल गं, एकटी काय बसतेस भुतासारखी?”

मुलगी उठली. “तुम्हाला कुणी सांगितलंय मला वाचवायला? मी बुडत नाहीये. मला शांत बसायचंय.” ताट तिथेच सोडून ती निघून गेली. मग कँटीनमध्ये दिसेनाशीच झाली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी भांडी अशी घासली की कल्हई उडावी. शेवटी मी पातेलं हातातून काढून घेतलं. “आई, बसमध्ये बसलेल्या माणसाला तुम्ही कधी उठवून दुसरीकडे बसवलंत?”

“कशाला उठवीन? उभ्या असलेल्याला फक्त जागा दाखवायची. बसायचं की नाही ही त्याची मर्जी.” बोलल्या आणि थांबल्या. मग ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, “हं. चुकलं माझं.”

त्या टोपीवाल्या मुलीला शोधत वाचनालयात गेल्या. माफी मागितली, तीही तिथल्या शांततेत जरा मोठ्यानेच. मुलीने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “मला बोलावं लागणार नसेल तर येईन.”

“बोलू नकोस. पण ताट भिंतीकडे नको. आमच्याकडे पाठ करून बसलीस तरी चालेल.”

ती आली. कोपऱ्यावर बसली. बोलली नाही, आणि कुणी तिला बोलतं करायला गेलं नाही. तेव्हापासून टेबलाचा एक कायदाच झाला. तू कुणाचा, कुठला, किती टक्क्यांचा, हे विचारायचं नाही. बोलायचं त्याने बोलावं, नसेल बोलायचं त्याने जेवावं. सासूबाईंना हा कायदा पाळणं सगळ्यात जड गेलं. चौकशा केल्याशिवाय त्यांना अन्न पचायचं नाही.

त्या वर्षी विद्यापीठाचा निकाल खाली आला होता. निकाल खाली आला की कुणाला तरी वर टांगावं लागतं. कुलसचिवांनी, म्हणजे तिथला सगळा कारभार ज्यांच्या सहीने चालतो त्यांनी, ठरवलं की मुलं कँटीनमध्ये टवाळक्या करतात म्हणून हे झालं. सुट्टीत सुतार आले. सुट्टी संपून मुलं परतली तर कँटीनमधली टेबलं गेलेली. त्या जागी भिंतीला लागून एकेकट्याने बसायचे कप्पे, दोन्ही बाजूंना फळ्या, खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकलेल्या. वर पाटी होती, ‘एकाग्रता कक्ष’. मुलांनी त्यांना पहिल्याच दिवशी नाव दिलं, झापडं.

सासूबाईंनी ताट घेतलं, कप्प्यांच्या रांगेकडे नीट पाहिलं आणि ताट घेऊन बाहेर चालू पडल्या. जमिनीवर मांडी घालणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. बसण्याजोग्या रुंद पायऱ्या होत्या फक्त कचेरीच्या इमारतीला. त्या थेट कुलसचिवांच्या खिडकीखाली जाऊन बसल्या. मागोमाग खांब आला. मग बाकीचे. टोपीवाली आली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसली.

रखवालदार धावत आला. “पायऱ्या अडवायच्या नाहीत.”

“अर्ध्या मोकळ्या आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “चढणारे तिकडून, जेवणारे इकडून. गर्दीला वाट कशी काढून द्यायची ते मला शिकवू नका.”

आठवडाभर असं चाललं आणि मग बोलावणं आलं. शिस्त समितीसमोर हजर व्हा. कँटीनची ताटं बाहेर नेणं, पायऱ्या अडवणं, मुलांना चिथावणं.

नवऱ्याचा चेहरा पडला. “आई, माफी मागून मोकळी हो. प्रवेश रद्द करतील. एवढा हट्ट करून शिकायला गेलीस ना?”

“शिकायलाच गेले. मान खाली घालायचं तर मी घरीच शिकले असते. ते तर बायकांना फुकटात शिकवतात.”

तो माझ्याकडे वळला. “तू जा तिच्याबरोबर. तिला आवर.”

मी गेले. आवरायला म्हणून गेले, हे खरं.

समितीच्या खोलीत लांब मेजामागे तिघे बसले होते, मध्ये कुलसचिव. किडकिडीत, इस्त्रीचा सदरा, पेन अगदी सरळ ठेवलेलं. समोर खुर्ची एकच. मला घरची म्हणून दाराशी उभं राहू दिलं. सासूबाई बसणार एवढ्यात दार ढकलून टोपीवाली आत आली. कोपऱ्यातलं एक स्टूल तिने ओढलं आणि सासूबाईंच्या शेजारी ठेवून त्यावर बसली.

“तुम्हाला बोलावलेलं नाही,” कुलसचिव म्हणाले.

तिने मान हलवली. म्हणजे, माहीत आहे.

“मग बाहेर जा.”

ती बसून राहिली. ना शब्द, ना राग. गुडघ्यांवर हात ठेवून समोर पाहत राहिली. तिला उठवायचं तर हाताला धरावं लागलं असतं, आणि ते करायची तयारी त्या तिघांपैकी एकाचीही नव्हती. कुलसचिवांनी पेन उचललं, पुन्हा सरळ ठेवलं.

“हे बघा बाई,” ते सासूबाईंना म्हणाले, “तुमच्या वयाचा आम्ही मान ठेवतो. पण मुलं इथे शिकायला येतात, ओळखी वाढवायला नाही.”

“साहेब, तुम्हीही अशाच ठिकाणी शिकला असाल. त्यातलं आज काय आठवतं तुम्हाला? धडे, की सोबती?”

मला वाटलं, आता ते गप्प होतील. पण ते लगेच म्हणाले, “धडे. मला सोबती नव्हते.” आणि मग जरा कोरड्या आवाजात, “त्यावाचून माझं काही अडलं नाही.”

सासूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि मी त्यांना इतकं हळू बोलताना आजवर ऐकलं नव्हतं. “मग निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं, साहेब. तुम्ही जे सोसलंत त्याच्या फळ्या करून तुम्ही पोरांच्या दोन्ही बाजूंना ठोकल्यात.”

कुलसचिवांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. “तोंडी माफी मागा. विषय संपवू.”

“कशाची? जेवल्याची?”

“पायऱ्यांवर बसून शिस्त मोडल्याची.”

“नाही मागणार,” सासूबाई म्हणाल्या. “ज्या मुलीची मागायची होती तिची मागून झाली. ती ही बसलीय.”

मी आवरायला गेले होते. माझ्या तोंडून निघालं, “बरोबर आहे आईंचं.” दाराशी उभ्या असलेल्या बाईचं मत कुणी विचारलेलं नव्हतं, पण दिलं.

निर्णय त्याच दुपारी कळला. सत्र संपेपर्यंत सासूबाईंना कँटीन बंद, पायऱ्या बंद, आणि पुन्हा तक्रार आली तर प्रवेश रद्द. टोपीवालीला समज. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गेटबाहेरचा रस्ता कुणाचा?”

गेटसमोर एका ओढ्यावर छोटा पूल आहे, त्याला बसता येईल असा दगडी कठडा आहे. तो रस्ता विद्यापीठाचा नाही. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई डबा घेऊन त्या कठड्यावर. ऊन होतं, धूळ होती, गाड्यांचे भोंगे होते. मुलं कमी होतील असं मला वाटलं होतं. काही झालीही. ज्यांना भीती वाटली त्यांना सासूबाईंनी नावं ठेवली नाहीत. पण दुसऱ्या वर्गांतली आली, विज्ञान शाखेची आली, हॉस्टेलातली आली. आत झापडं रिकामी आणि बाहेर कठड्याला जागा नाही, अशी तऱ्हा झाली.

एकदा त्या डबा घरीच विसरल्या आणि नवऱ्याची सुट्टी होती. कुरकुरत गेला. अर्ध्या तासात येतो म्हणाला आणि आला तो दिवस कलल्यावर.

“कुठे होतास?” मी विचारलं.

“बसलो होतो.” तो चपला काढत राहिला, मग वर न बघताच म्हणाला, “त्या उंच मुलाने मला जागा करून दिली. कोण, कुठला, काही विचारलं नाही. नुसतं सरकून बसला. ऑफिसात इतकी वर्षं झाली गं, मी टेबलावर एकटाच डबा खातो. तुला कधी सांगितलं नाही.”

मी पाणी आणून दिलं. त्या दिवसानंतर आमच्या घरात ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य ऐकू आलं नाही.

परीक्षा झाल्या. सासूबाई अर्थशास्त्रात नापास झाल्या, चांगल्या सणसणीत. खांब पास झाला, टोपीवाली वर्गात पहिली आली. कठड्यावर त्यांची थट्टा झाली, आणि त्यांनी सगळ्यांसमोर अर्थशास्त्राला अशा शिव्या घातल्या की जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने वेग कमी केला. ओळखीचाच होता. मग खांबाने त्यांना तो विषय शिकवायला घेतला. तो सांगायचा, “कंडक्टर, ऐकून घ्या, मधे बोलू नका,” आणि त्या मधे बोलायच्या.

नव्या वर्षी विद्यापीठाने एक खोली सजवली. भिंतींना पिवळा रंग, मऊ खुर्च्या, दारावर ‘स्नेह कक्ष’. वर्तमानपत्रात कुठेतरी विद्यार्थ्यांच्या एकटेपणावर लिहून आलं होतं, त्याची ही धांदल. कुलसचिवांनी सासूबाईंना बोलावून उद्घाटनाला फीत कापायला सांगितलं. म्हणाले, छायाचित्रही काढू, तुम्ही आणि मुलं.

“खोली कधी उघडी असणार?” सासूबाईंनी विचारलं.

“दुपारी ठरलेल्या वेळेत. आधी नाव नोंदवायचं, म्हणजे गैरवापर होणार नाही.”

“साहेब, मला कुणी नाही असं खिडकीवर नाव लिहून कोण सांगणार? त्यापेक्षा तो बंद फोन कानाला लावून उभा राहील. नोंदणी काढा, कुलूप काढा आणि कँटीनमधल्या फळ्या काढा. फीत कापायला मी घरची कात्री घेऊन येते.”

कुलसचिव म्हणाले, नियमात बसत नाही. सासूबाई म्हणाल्या, मग मीही बसत नाही, आणि उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मागे पाहिलं. “दुपारी आम्ही समोरच असतो. तुम्ही डबा आणता ना? या कधीतरी.”

ते आले नाहीत. अजून तरी नाहीत. स्नेह कक्षाला बहुतेक वेळ कुलूप असतं. कँटीनमधल्या चार कप्प्यांच्या फळ्या मात्र त्या बंदीच्या सत्रातच कुणीतरी उखडल्या होत्या, कुणी ते कळलं नाही, आणि कँटीनवाल्याने त्या परत ठोकायला सुतार बोलावलाच नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, “मला काय ठाऊक? मला त्या सत्रात आत जायला बंदी होती.”

अर्थशास्त्र दुसऱ्या खेपेला सुटलं, अगदी काठावर. त्या रविवारी खांब, टोपीवाली आणि आणखी पाच-सहा जणं घरी आली. नवऱ्याने चहा केला, जास्त गोड झाला. बसायला खुर्च्या पुरेनात, म्हणून मुलं खाटेवर, उंबऱ्यात, खिडकीत, जागा मिळेल तिथे बसली. टोपीवाली आता बोलते. कमी बोलते, पण बोलली की खांबाची दांडी उडवते.

नवऱ्याने कपबशा गोळा करता करता विचारलं, “आई, बी.ए. संपल्यावर काय करणार?”

“एम.ए.”

“त्यानंतर?”

सासूबाईंनी पाय लांब केले, दुखरा गुडघा चोळला. “त्यांनी मला काढून टाकायची धमकी दिलीय ना? मग त्यांच्या नाकासमोर जितकी वर्षं शिकता येईल तितकी शिकणार. बघू, आधी कोण दमतं.”